कोस्टा रिकामधील तांबूस शेपटीचा हमिंगबर्ड नेमका कसा ओळखावा?

प्रश्न: टिळकवाडीकर, बेळगाव

सर्व पक्षिमित्रांना सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी नोकरीनिमित्त कोस्टा रिकामध्ये, राजधानी सान होसेच्या एका उपनगरात राहते. तिच्या घरामागे केळी, जास्वंद आणि तांबड्या नळीसारख्या फुलांच्या हमेलियाची झुडपे आहेत. त्यांवर येणाऱ्या हमिंगबर्डची छायाचित्रे ती मला अधूनमधून पाठवत असते. बेळगाव परिसरात आणि खानापूरच्या जंगलात पक्षी पाहण्याचा मला बऱ्याच वर्षांचा सराव असल्यामुळे शिंजीर, फुलटोचे, वटवटे यांच्या माद्यासुद्धा मी बहुधा ओळखू शकतो. परंतु या चित्रांतील पक्ष्यांबाबत माझे काहीच निश्चित होत नाही, म्हणून प्रश्न येथे मांडत आहे.

पहिल्या चित्रातील पक्षी जास्वंदीच्या काटकीवर बसलेला आहे. त्याचा गळा आणि छाती झळाळत्या हिरव्या रंगाची, पोट राखाडी, शेपटी विटकरी तांबडी आणि चोच लाल असून तिचे टोक काळे आहे. दुसरे चित्र त्याच काटकीवरचे, थोड्याच वेळाने घेतलेले आहे. त्यातील पक्ष्याची शेपटी तशीच तांबडी आहे, पण गळा जवळजवळ काळा दिसतो. तिसऱ्या चित्रातील पक्षी केळफुलापाशी हवेत स्थिर आहे. त्याचाही गळा हिरवा आहे, परंतु शेपटी गडद निळी, सावलीत तर काळीच वाटते. ओळख सुचवणाऱ्या मोबाइलच्या ॲपने पहिल्या चित्रासाठी ‘रूफस-टेल्ड हमिंगबर्ड’ आणि दुसऱ्यासाठी ‘सिनॅमन हमिंगबर्ड’ अशी नावे दिली, तर मुलीच्या कार्यालयातील एका सहकाऱ्याच्या मते हे सारे ‘रूफस हमिंगबर्ड’ आहेत.

पहिल्या दोन चित्रांतील पक्षी एकाच जातीचे आहेत की वेगळ्या? नर आणि मादी यांत फरक कसा करावा? आणि मुलीला बागेत साखरपाण्याचे भांडे टांगायचे आहे, त्याचे योग्य प्रमाण कोणी सांगू शकेल काय?

उत्तर: मलप्रभाकाठ, खानापूर

काका, नमस्कार. आपल्या वर्णनावरून पहिले दोन्ही पक्षी रूफस-टेल्ड हमिंगबर्ड, म्हणजेच अमेझिलिया त्झाकाट्ल या जातीचे आहेत, याविषयी मला शंका वाटत नाही. तिसरा पक्षी मात्र निश्चितच वेगळा आहे. त्याच्याकडे नंतर वळू.

ही जात पाब्लो दे ला यावे या मेक्सिकन निसर्गअभ्यासकाने 1833 मध्ये शास्त्रीय नाव देऊन नोंदवली. पूर्व मेक्सिकोपासून मध्य अमेरिकेतील देशांतून खाली कोलंबिया, पश्चिम व्हेनेझुएला आणि पश्चिम इक्वेडोरपर्यंत ती आढळते. घनदाट जंगलाच्या आतल्या भागापेक्षा जंगलाची कड, नदीकाठची झुडपे, कॉफीचे मळे आणि घरांच्या बागा तिला अधिक मानवतात, त्यामुळे कोस्टा रिकामध्ये आढळणाऱ्या पन्नासेक हमिंगबर्ड जातींपैकी सर्वसामान्य माणसाच्या नजरेस वारंवार पडणारी हीच. लांबी 8 ते 11 सेंटिमीटर आणि वजन सुमारे 5 ग्रॅम. आपल्याकडचा जांभळ्या पाठीचा शिंजीरही जेमतेम दहा सेंटिमीटरचा असतो, तेव्हा आकाराची कल्पना आपल्याला लगेच येईल.

आता काळ्या गळ्याविषयी. आपला सारा गोंधळ, आणि बहुधा त्या ॲपचाही, तेथूनच सुरू झालेला आहे. पक्ष्यांच्या पिसांना रंग दोन प्रकारांनी येतो. एक प्रकार रंगद्रव्याचा. त्यातील रंग कोणत्याही बाजूने पाहिला तरी फारसा बदलत नाही. दुसरा प्रकार पिसाच्या सूक्ष्म रचनेचा. हमिंगबर्डच्या चमकदार पिसांत मेलॅनिन या काळपट रंगद्रव्याच्या अतिशय पातळ चकत्या एकावर एक रचलेल्या असतात, त्या चकत्यांच्या पोटात हवेचे सूक्ष्म बुडबुडे असतात, आणि या थरांवरून परतणाऱ्या प्रकाशलहरी एकमेकींत मिसळल्या की ठरावीक कोनातून ठरावीक रंगच झळकतो. पक्ष्याने मान किंचित वळवली किंवा ऊन ढगाआड गेले की तो रंग नाहीसा होतो आणि खाली केवळ मेलॅनिनचा काळपटपणा उरतो. वडगाव-शहापूरच्या मागावरची धूपछाव साडी हातात घेऊन फिरवावी तसा हा प्रकार आहे, फरक इतकाच की तेथे दोन रंगांचे धागे असतात आणि येथे हिरव्या रंगाचे द्रव्य मुळातच नसते. एकाच काटकीवर बसलेल्या एकाच पक्ष्याचा गळा एका चित्रात पाचूसारखा आणि दुसऱ्यात काजळासारखा दिसावा, हे अगदी स्वाभाविक आहे.

म्हणून माझा आग्रह असा राहील की, हमिंगबर्ड ओळखताना गळ्याच्या झळाळीकडे सर्वांत शेवटी पाहावे. नवशिक्या निरीक्षकाची नजर नेमकी तेथेच खिळते आणि निम्म्या चुका तेथेच होतात. या जातीत विसंबण्यासारख्या खुणा म्हणजे रंगद्रव्याने रंगलेले भाग: शेपटी, शेपटीच्या मुळावरची वरची व खालची पिसे, आणि पोट. शेपटी विटकरी तांबडी, टोकाशी किंचित खाचलेली आणि कडांना काळपट-कांस्य झाक असलेली असते. तिच्या बुडाशी वरच्या बाजूचाही भाग तांबूस असतो, त्यामुळे पक्षी उडताना मागून पाहिला तर हिरव्या पाठीला तांबड्या रंगाचे शेपूट जोडल्यासारखे स्पष्ट दिसते. छातीचा हिरवा रंग खाली पोटाशी संपतो आणि तेथे फिकट राखाडी रंग सुरू होतो. चोच जवळजवळ सरळ, मध्यम लांबीची, लाल आणि टोकाला काळी.

या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या की ॲपने सुचवलेले दुसरे नाव आपोआप गळते. सिनॅमन हमिंगबर्डची शेपटीही तांबूस आणि चोचही लाल-काळी असते हे खरे. परंतु त्याचा हनुवटीपासून पोटापर्यंतचा संपूर्ण खालचा भाग दालचिनीच्या रंगाचा असतो, गळ्यावर हिरव्याचा किंवा काळ्याचा लवलेशही नसतो. शिवाय कोस्टा रिकामध्ये तो मुख्यतः वायव्येकडील कोरड्या पट्ट्यात, ग्वानाकास्तेच्या बाजूला आढळतो. सहकाऱ्याने सांगितलेला रूफस हमिंगबर्ड तर उत्तर अमेरिकेच्या वायव्य भागात, थेट अलास्कापर्यंत वीण करणारा आणि हिवाळा मुख्यतः मेक्सिकोत काढणारा स्थलांतरित पक्षी आहे. त्याची चोच पूर्ण काळी असते आणि नराचे बहुतेक अंग केशरी-तांबूस असते. दोन्ही नावांत ‘रूफस’ असल्यामुळे हा घोटाळा अनेकांकडून होतो.

नर आणि मादी यांच्याविषयी सांगायचे तर शिंजिरांची सवय येथे विसरावी लागेल. जांभळ्या शिंजिराचा नर आणि त्याची पिवळट मादी यांत जसा ढळढळीत फरक असतो, तसा या जातीत नसतो. मादीच्या गळ्यावरील हिरव्या पिसांना फिकट कडा असतात, त्यामुळे गळा थोडा खवलेदार आणि मळका दिसतो. नराचा गळा सलग हिरवा असतो. जवळून घेतलेल्या, नीट प्रकाशातल्या चित्राशिवाय हा फरक सांगण्याच्या फंदात मी तरी पडणार नाही.

उत्तर: काळीनदी, हल्याळ

मलप्रभाकाठ यांनी रंगांविषयी लिहिलेले बहुतेक मला मान्य आहे, मात्र चोचीच्या बाबतीत थोडा मतभेद नोंदवतो. या जातीत चोचीच्या वरच्या भागावर काळा रंग किती पसरलेला असेल याचे प्रमाण पक्ष्यागणिक बदलते, आणि लहान वयाच्या पक्ष्यांत वरची चोच बरीच काळी असते. चित्र वरून किंवा बाजूने घेतलेले असेल तर चोच काळीच भासण्याची शक्यता असते. म्हणून लाल चोच दिसली तर ती पुरावा मानावी, न दिसली म्हणून पक्षी बाद करू नये. शेपटीचे तसे नाही. ती तांबडी नसेल तर ही जात नव्हेच.

दुसरी खूण वागणुकीची. दांडेली-गणेशगुडीच्या बाजूला पक्षी पाहणाऱ्यांना हे पटेल की, पक्षी काय करतो आहे हे पाहिल्यावर कित्येकदा रंग पाहण्याची गरजही उरत नाही. रूफस-टेल्ड हमिंगबर्ड कमालीचा भांडखोर आहे. फुललेले एखादे झुडूप तो स्वतःचे मानतो, त्याजवळच्या ठरावीक काटकीवर बसून राहतो आणि दुसरा हमिंगबर्ड, फुलपाखरू किंवा मोठी मधमाशी आली तरी तिच्यावर चिटचिट करत झेपावतो. काकांच्या मुलीला दोन्ही चित्रे एकाच काटकीवर मिळाली, यातच त्याच्या स्वभावाची साक्ष आहे. याउलट, त्याच प्रदेशात आढळणारे लांब, बाकदार चोचीचे हर्मिट गटातील हमिंगबर्ड एका झुडपावर ठाण मांडत नाहीत. ते जंगलात दूरदूर विखुरलेल्या हेलिकोनियाच्या फुलांना ठरलेल्या वाटेने एकामागून एक भेट देत जातात. त्यामुळे एखादा पक्षी दिवसभर एकाच हमेलियाची राखण करताना दिसला तर हर्मिट डोळे मिटून वगळावा.

उंचीचाही विचार करावा. ही जात कोस्टा रिकामध्ये समुद्रकिनाऱ्यापासून साधारण 1,800 मीटरपर्यंत सर्रास दिसते, आणि सान होसे सुमारे 1,150 मीटरवर आहे, म्हणजे बेळगावपेक्षा चारशेएक मीटर उंच. तेथून वर डोंगरात चढत गेले की हमिंगबर्डच्या जाती झपाट्याने बदलतात. मुलगी कधी ज्वालामुखींच्या बाजूला सहलीला गेली आणि तेथून चित्रे आली, तर ती किती उंचीवरची आहेत हे आधी विचारून घ्यावे. आपल्याकडे कणकुंबी-जांबोटीच्या दमट जंगलातले पक्षी आणि अथणीच्या माळावरचे पक्षी यांची गल्लत आपण करत नाही, तेच तारतम्य तेथेही उपयोगी पडते.

प्रश्न: निपाणीची लेक

या चर्चेला जोडूनच एक शंका विचारते. आमच्या अंगणात गुलबाक्षी फुलते तेव्हा तिन्हीसांजेला तिच्यावर अगदी असाच, हवेत थांबून लांब चोच फुलात घालणारा आणि पंख दिसू नयेत इतक्या वेगाने हलवणारा जीव येतो. घरातील वडीलधारी मंडळी त्याला हमिंगबर्डच म्हणतात. कोस्टा रिकातील पक्षी आपल्याकडे येत नसला तरी त्याची एखादी छोटी जात आपल्या भागात असू शकते काय?

उत्तर: मलप्रभाकाठ, खानापूर

ताई, नाही. हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून अधिक जाती आज ज्ञात आहेत आणि त्या सर्व केवळ उत्तर व दक्षिण अमेरिका खंडांत आणि कॅरिबियन बेटांवर आढळतात. फार पूर्वी परिस्थिती वेगळी असावी, कारण जर्मनीत सापडलेल्या सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांचे वर्णन गेराल्ड मायर यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केले आणि ते आधुनिक हमिंगबर्डशी विलक्षण जुळणारे आहेत. परंतु आज अमेरिकेबाहेर एकही जात नैसर्गिकरीत्या राहत नाही.

आपण पाहता तो हॉकमॉथ गटातील पतंग असणार. गुलबाक्षीची फुले संध्याकाळी उमलतात आणि त्यांचे परागण मुख्यतः हेच पतंग करतात. त्याची ‘चोच’ म्हणजे सोंड असते, फुलावरून दूर होताच ती गुंडाळली जाते. डोक्यावर दोन मिशा दिसतील, मोबाइलने चित्र घेतले तर पायही सहा मोजता येतील. हमिंगबर्ड अंधार पडला की शांतपणे बसून राहतो, आणि थंड रात्री तर शरीराचे तापमान आणि हृदयाचे ठोके पुष्कळ खाली आणून जडावस्थेत जातो.

येथे एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. दिसण्यावरून आपण शिंजिराला हमिंगबर्डचा भाऊ मानतो, पण नात्याने पाहिले तर हमिंगबर्डचे जवळचे आप्त म्हणजे आपल्या जुन्या इमारतींच्या छताखाली पिसे आणि काड्या लाळेने चिकटवून घरटी बांधून संध्याकाळी चित्कारत घिरट्या घालणाऱ्या पाकोळ्या. दोन्हींचे पाय इतके दुबळे असतात की त्यांना नीट चालता येत नाही. शिंजीर मात्र चिमणीच्या गणातला. मध पिण्याची सवय दोघांना स्वतंत्रपणे लागली आणि म्हणून चोच व जीभ सारखी घडत गेली. फरक पाहायचा असेल तर फुलाशी पाहावा: शिंजीर बहुधा देठाला धरून बसतो आणि मान वाकवून मध घेतो, थोडा वेळ हवेत थांबला तरी त्याची धाप दिसते, हमिंगबर्ड हवेतच थांबतो, आणि मध पिऊन झाल्यावर मागे सरकत बाहेर पडतो, कारण पंख वर जातानाही त्याला उचल मिळते. घरटेही तसेच निराळे. शिंजिराचे घरटे कोळिष्टकांनी बांधलेली, दाराला छप्पर असलेली लोंबती थैली असते. रूफस-टेल्ड हमिंगबर्डची मादी एकटीच फांदीवर छोट्या वाटीसारखे घरटे करते, त्याला बाहेरून दगडफूल आणि शेवाळ चिकटवते आणि त्यात दोन पांढरी अंडी घालते.

प्रतिसाद: टिळकवाडीकर, बेळगाव

आपण सर्वांनी इतक्या विस्ताराने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आपण सांगितलेल्या खुणा ताडून पाहण्यासाठी मी मुलीकडून मूळ, न कापलेली चित्रे मागवून घेतली. पहिल्या दोन्ही चित्रांत शेपटीच्या बुडाची वरची पिसे तांबूस आहेत आणि पोट राखाडी आहे. दुसऱ्या चित्रात पक्ष्याने मान पलीकडे वळवलेली असून ऊन त्याच्या पाठीमागून येत आहे, त्यामुळे गळा काळा का दिसला याचा उलगडा झाला. हा पक्षी हमेलियाच्या झुडपावरून इतरांना हुसकावून लावतो, असेही ती सांगते.

तिसऱ्या चित्राबाबत थोडी भर घालतो. त्या पक्ष्याची शेपटी निळसर काळी आहे, तिच्या बुडाशी पाठीचा भाग तांब्यासारखा झळकतो, खालची चोच मुळाशी गुलाबी आहे आणि मांड्यांपाशी पांढरे पुंजके आहेत. छाती आणि पोट, दोन्ही हिरवे दिसते. राखाडी रंग कोठेच नाही. ही कोणती जात असावी?

उत्तर: मलप्रभाकाठ, खानापूर

काका, आपण दिलेल्या खुणा ब्लू-व्हेंटेड हमिंगबर्डच्या आहेत. पूर्वी त्याला दक्षिणेकडील स्टीली-व्हेंटेड हमिंगबर्डचीच उपजात मानत असत, आता तो स्वतंत्र जात मानला जातो आणि निकाराग्वा व कोस्टा रिका या देशांपुरताच आढळतो. सान होसेच्या खोऱ्यातील बागांत तो चांगलाच परिचित आहे. निळी-काळी शेपटी, तांबूस-कांस्य कंबर, पोटापर्यंत उतरलेला हिरवा रंग आणि ते पांढरे पुंजके, असे सगळे जमत असेल तर दुसऱ्या नावाचा विचार करण्याचे कारण नाही. कंबरेचा तांबूस झगमगाट आणि शेपटीचा तांबडा रंग यांची गल्लत मात्र उडत्या पक्ष्याच्या बाबतीत होऊ शकते, म्हणून मुलीला शक्य तेव्हा पक्ष्याच्या मागील बाजूने, शेपटी पसरलेली असताना चित्र घेण्यास सांगावे. फुलापाशी थांबताना किंवा भांडताना हमिंगबर्ड शेपटी पंख्यासारखी उघडतो, तो क्षण सर्वांत उपयोगी.

साखरपाण्याचे प्रमाण एक भाग साधी पांढरी साखर आणि चार भाग पाणी. लाल रंग घालू नये, त्याची काही आवश्यकता नसते. भांड्याचा लाल भाग पुरतो. मध घालू नये, कारण त्यात बुरशी लवकर धरते. आपल्याकडच्या माणसाला गूळ घालण्याचा मोह होईल, पण गूळ किंवा तपकिरी साखरही टाळावी, तिच्यातील लोह या पक्ष्यांना अपायकारक ठरते. तेथील उष्ण हवेत भांडे दर दोन दिवसांनी रिकामे करून गरम पाण्याने धुवावे.

उत्तर: काळीनदी, हल्याळ

एवढीच पुरवणी जोडतो की, भांडी टांगायची असतील तर दोन टांगावीत आणि एकावरून दुसरे दिसणार नाही अशा बेताने घराच्या दोन बाजूंना टांगावीत. एकच भांडे असले तर तांबड्या शेपटीचे महाराज त्यावर हक्क सांगतील आणि ब्लू-व्हेंटेडला जवळ फिरकू देणार नाहीत, मग काकांना दुसऱ्या जातीची चित्रे मिळणे अवघड होईल.